नादारीची मिसल : शोध आणि वाचन

चौसाळा हे बीड तालुक्यातील, बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावरील बाजाराचे गाव होय. अशा गावातील कापडाचा, भुसाराचा किंवा सराफीचा व्यवहार करणारा एखादा गृहस्थ कर्जापायी कोलमडला, तर गावाच्या स्मरणात त्याची हकीकत एका वाक्यात उरते : ‘त्याचे दिवाळे निघाले’, अथवा ‘त्याने दिवाळे काढले’. न्यायालयाच्या दप्तरात मात्र त्याच हकीकतीची मिसल तयार होते. तीत त्या मनुष्याचे राहते घर, दुकानातील माल, भांडीकुंडी, गुरे, येणे, देणे आणि प्रत्येक सावकाराचे नाव व गाव लिहिलेले असते. सामान्य ऐपतीच्या माणसाने आपल्या संसाराची संपूर्ण यादी स्वतःच्या सहीने द्यावी, असा दुसरा प्रसंग सहसा येत नाही. स्थानिक इतिहास, अर्थव्यवहार आणि भाषा या तिन्हींच्या अभ्यासकांना हे साधन मोलाचे आहे; तरी त्याचा व्हावा तितका उपयोग होत नाही. मिसल सापडत नाही, किंवा सापडली तर चुकीची वाचली जाते. या दोन्ही अडचणींच्या मुळाशी बहुतांशी शब्द आहेत, आणि म्हणून आरंभ शब्दांपासूनच करणे इष्ट होय.

‘दिवाळे’ या शब्दाची व्युत्पत्ती वादग्रस्त आहे. १८०८ साली मुंबईत गुजराती व मराठी भाषांसंबंधी ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या ड्रमंडने अशी चाल नोंदली आहे, की व्यापार बुडत चालला म्हणजे व्यापारी घरात अथवा पेढीवर मोठा दिवा पेटवून ठेवी आणि सावकारांची समजूत पटेपर्यंत काही काळ दृष्टीआड होई. दिव्यावरून दिवाळे, ही उपपत्ती लोकांस पटण्याजोगी आहे, एवढेच फार तर म्हणता येईल. अधिक महत्त्वाचे आहे ते क्रियापद. दिवाळे ‘निघते’ तेव्हा मनुष्य आपत्तीचा विषय असतो. दिवाळे ‘काढतो’ तेव्हा तो कर्ता असतो, आणि त्याच्या हेतूविषयी संशय घेतला जातो. ‘बुडाला’ आणि ‘बुडवले’ या जोडीतही तोच भेद आहे. ‘दिवाळखोर’ या शब्दाने तर निकालच लावलेला असतो. ‘खोर’ हा फारसी प्रत्यय मुळात खाणारा या अर्थाचा. मराठीत तो लाचखोर, चुगलखोर, भांडखोर अशा शब्दांत खोड दाखविणारा झाला. त्यामुळे एकदाच आणि नाइलाजाने बुडालेल्या माणसालाही भाषा ती खोड चिकटवून मोकळी होते.

मराठी विधिभाषेने नादार हा शब्द स्वीकारला, तो या दृष्टीने विचारपूर्वकच म्हटला पाहिजे. ‘ना’ म्हणजे नाही आणि ‘दार’ म्हणजे बाळगणारा. जमीनदार, ठाणेदार यांतील ‘दार’ तोच. नादार म्हणजे ज्याच्यापाशी काही नाही तो. या शब्दात स्थिती आहे, दोष नाही. पूर्वीच्या शाळांतून गरीब विद्यार्थ्यास मिळणाऱ्या फीमाफीलाही ‘नादारी’च म्हणत, आणि नादार विद्यार्थी असणे हे कोणी पाप समजत नसे. त्यामुळे जुन्या दप्तरातील प्रत्येक ‘नादारी’ कर्जबाजारीपणाची नव्हे. न्यायालयाची फी भरण्याचे सामर्थ्य नसलेल्याने फी न भरता केलेला दावा हा अगदी निराळा प्रकार आहे. उर्दू दप्तरात त्याला ‘मुफलिसी’चा दावा म्हणतात. मुफलिस हा अरबी शब्द मुळात चांदीची नाणी जाऊन तांब्याच्या पैशांवर आलेल्या माणसाचा वाचक मानला जातो. अरबी विधिग्रंथांत तो कर्ज फेडू न शकणाऱ्यास लावलेला दिसतो, तर आपल्याकडील उर्दू न्यायव्यवहारात निर्धन वादीस. ‘मुफलिस’ हा शब्द दिसताच ती मिसल नादारीच्या यादीत घेणारा विद्यार्थी पुष्कळ निरपराध वाद्यांना दिवाळखोर करून टाकील.

असेच दोन देशी शब्द आहेत. ‘कूळ’ म्हणजे जमिनीच्या कायद्यात जमीन कसणारा. सावकाराच्या वहीत मात्र कूळ म्हणजे ज्याला कर्ज दिले तो. एकाच माणसाचा उल्लेख दोन कागदांत दोन्ही अर्थांनी कूळ म्हणून होऊ शकतो. ‘देणेकरी’ हा शब्द तर त्याहून फसवा आहे. शब्दशः तो देणे असलेल्याचा वाचक. परंतु ‘देणेकऱ्यांनी तगादा लावला’ असे जेव्हा म्हणतात, तेव्हा देणेकरी म्हणजे कर्ज देणारे असतात. जबानीत हा शब्द आल्यास वाक्यातील क्रियापद पाहिल्यावाचून अर्थ ठरवू नये. ‘ऋणको’ आणि ‘धनको’ हे घडविलेले शब्द कितीही कृत्रिम वाटोत, या गोंधळातून सुटका करण्यापुरते ते उपयुक्तच आहेत.

आता मिसल कोठे शोधावी, हा प्रश्न. चौसाळ्याच्या बाबतीत त्याचे उत्तर वर्षावर अवलंबून आहे. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. नंतर १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्या दिवसापासून द्वैभाषिक मुंबई राज्यात. आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे वरिष्ठ न्यायालय, कायदा, न्यायालयाची भाषा, नाणे आणि पंचांग ही सर्व बदलली. ब्रिटिश मुलखात जिल्ह्यांसाठी १९२० चा प्रांतिक नादारी अधिनियम आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांसाठी १९०९ चा निराळा अधिनियम होता. यांपैकी १९२० च्या अधिनियमाच्या व्याप्तीच्या कलमातून पूर्वीच्या ‘ब’ वर्ग राज्यांचे प्रदेश वगळलेले होते, आणि हैदराबाद त्या वर्गात मोडत असे. म्हणून चौसाळ्याच्या १९५६ पूर्वीच्या मिसलीला १९२० ची कलमे लावून वाचणे ही ढोबळ चूक होईल. कोणत्या कायद्याखाली अर्ज आला, हे अर्जाच्या शीर्षकात असते. ते प्रथम टिपून घ्यावे.

सीमेच्या पलीकडची स्थिती येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १८७५ मध्ये पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध दंगे झाल्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो संरक्षक कायदा झाला, त्यात शेतकऱ्याच्या नादारीविषयी स्वतंत्र प्रकरण होते. तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. अहमदनगरची हद्द बीडला लागून आहे. तरी हद्दीच्या अलीकडील शेतकऱ्यास त्याचा आधार नव्हता. उलट व्यापारास हद्द नव्हती. बालाघाटावरील गावांचा माल बार्शीच्या पेठेत जाई, आणि बार्शी इंग्रजी मुलखात होती. नादारीचा अर्ज, ऋणको जेथे राहतो किंवा धंदा करतो तेथील न्यायालयात करावयाचा असतो. चौसाळ्याचा रहिवासी पण बार्शीस दुकान, अशा मनुष्याची मिसल बीडला न मिळता सोलापूर जिल्ह्याच्या दप्तरात मिळण्याचा संभव असतो. बीडला मिळाली नाही म्हणून ती नाहीच असे मानणे घाईचे होईल.

स्वतः चौसाळ्यास हे दप्तर असणार नाही. नादारीचा अधिकार मुख्यतः जिल्हा न्यायालयाचा, आणि शासनाने अधिकार दिल्यास दुय्यम न्यायालयांचा. म्हणून बीडच्या न्यायालयाचे अभिलेखगृह हे पहिले ठिकाण होय. अपिलाची कागदपत्रे १९५६ पूर्वीची असतील तर हैदराबादेस, त्यानंतरची असतील तर मुंबई उच्च न्यायालयाकडे, आणि औरंगाबादचे खंडपीठ झाल्यानंतरची तेथे पाहावी लागतात. संस्थानच्या दप्तरासाठी हैदराबादमधील तारनाका येथील राज्य अभिलेखागार महत्त्वाचे आहे. मराठवाड्यासाठी महाराष्ट्राच्या पुराभिलेख विभागाची शाखा छत्रपती संभाजीनगर येथे आहे. मात्र अभिलेखपालापुढे जाऊन नुसते ‘चौसाळ्याची दिवाळखोरीची प्रकरणे’ मागणे व्यर्थ होय. प्रकरणाचा क्रमांक आणि वर्ष हाती असावे लागते, आणि ते मिळविण्याचा उत्तम मार्ग म्हणजे राजपत्र. १९२० च्या अधिनियमाचे कलम ३० असे सांगते, की नादार ठरविल्याच्या आदेशाची सूचना नादाराचे नाव, पत्ता, वर्णन, आदेशाची तारीख आणि न्यायालय यांसह शासकीय राजपत्रात प्रसिद्ध व्हावी. आदेश रद्द झाला तर त्याचीही सूचना राजपत्रात येते. राजपत्राचे खंड ग्रंथालयात बसून चाळता येतात. हे काम कंटाळवाणे आहे हे खरे. परंतु अभिलेखगृहातील एका दिवसाचे काम त्यामुळे एका तासावर येते.

नाव शोधताना लिपीचे भान ठेवावे. संस्थानच्या न्यायालयांत १८८० च्या दशकात फारसीची जागा उर्दूने घेतली. उर्दू लिपीत ‘ळ’ नाही आणि ‘ण’ही नाही. चौसाळा तेथे ‘चौसाला’ होतो. काळे आणि काले ही दोन आडनावे एक होतात. गणपतचा ‘गनपत’ होतो. इंग्रजीत बीडचे ‘भीर’ झाले, कारण मूळ उच्चारातील ड कानाला र सारखा लागतो. केजचे ‘कैज’ झाले. अंबाजोगाई मोमिनाबाद या नावाने शोधावी लागते. शिवाय आडनाव लिहिलेले असेलच असे नाही. ‘अमुक वलद तमुक, साकिन चौसाला’ ही जुनी रीत, म्हणजे मनुष्याची ओळख बापाच्या नावावर आणि गावावर. आजच्या सूचीत आडनाव घालून शोध घेणाऱ्यास ती मिसल डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही.

तारीख हा दुसरा सापळा. हैदराबादचे सरकारी वर्ष फसली. ते आजूर महिन्याने ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंत फसली सनात ५९० मिळवावे, जानेवारीपासून पुढे ५९१. उदाहरणार्थ, खुर्दाद १३४० फसली म्हणजे साधारणतः एप्रिल १९३१. महिन्यांची नावे इराणी असली तरी इराणच्या आजच्या पंचांगाची कोष्टके येथे लावू नयेत. तेथे आजर महिना नोव्हेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो, आणि सर्व गणित दीड महिन्याने चुकते. त्याच मिसलीत जोडलेल्या दुकानाच्या वहीत संवत किंवा शक असू शकतो, आणि लिपी मोडी. मारवाडी पेढीची वही असेल तर महाजनी. उर्दू अर्ज, मोडी खतावणी आणि पुढील काळातील इंग्रजी आदेश, असे तीन लिप्यांचे कागद एका दोऱ्यात ओवलेले पाहण्याची तयारी हवी.

नाण्याचा हिशेबही पाहिला पाहिजे. ‘हाली’ म्हणजे संस्थानचा रुपया आणि ‘कलदार’ म्हणजे इंग्रजी रुपया. सात हाली बरोबर सहा कलदार, असे त्यांचे प्रमाण होते. सातशे रुपयांचे हाली कर्ज म्हणजे सहाशे कलदार. बार्शीच्या अडत्याचे येणे कलदारात आणि गावच्या सावकाराचे हालीत, असे मिश्रण यादीत असल्यास खालची बेरीज कोणत्या नाण्यात केली आहे, हे प्रत्येक वेळी तपासावे.

आता मिसलीच्या अंतरंगाकडे वळता येईल. १९२० च्या अधिनियमाखालील मिसल नमुन्यादाखल घेतली, तर प्रथम अर्ज येतो. अर्ज ऋणकोचा असेल किंवा धनकोचा, आणि येथेच ‘निघणे’ व ‘काढणे’ यांचा कायदेशीर अवतार दिसतो. ऋणको म्हणतो, मी फेडू शकत नाही, माझी मालमत्ता न्यायालयाच्या स्वाधीन करण्यास तयार आहे. धनको म्हणतो, याने मालमत्ता दुसऱ्याच्या नावे केली, हा दृष्टीआड झाला, याने इतरांना डावलून एकाचेच देणे दिले. असे कृत्य अर्जापूर्वी तीन महिन्यांच्या आत घडलेले दाखवावे लागते. त्यानंतर मालमत्तेची व सावकारांची यादी, सुनावणी, नादार ठरविल्याचा आदेश, रिसीव्हरचे अहवाल, सावकारांमधील वाटणी, आणि शेवटी नादाराने मुक्ततेसाठी केलेला अर्ज. यादीत शेतकऱ्याची अवजारे, गुरे आणि राहते घर दिसली नाहीत, तर ती लपविली असे समजू नये. दिवाणी प्रक्रिया संहितेने ज्या वस्तू जप्तीतून वगळल्या आहेत, त्या नादारीतही वगळलेल्या असतात. तसेच नादार ठरविल्याचा आदेश म्हणजे अपराधाचा निर्णय नव्हे. हिशेब लपविणे, मालमत्ता दडविणे यांसाठी कलम ६९ खाली निराळी कारवाई असते. ती मिसलीत नसेल तर त्या मनुष्याविषयी ‘फसवणूक केली’ असे लिहिण्याचा अधिकार अभ्यासकास नाही.

सर्वांत वाचनीय भाग मुक्ततेच्या अर्जाचा. आणि खेदाची गोष्ट अशी, की तो शेवटी असल्यामुळे बहुधा वाचला जात नाही. कलम ४२ प्रमाणे नादाराची मालमत्ता त्याच्या तारणरहित देण्याच्या रुपयास आठ आणे या प्रमाणात भरत नसेल, तर न्यायालयाने त्यास विनाअट मुक्तता देऊ नये; मात्र ज्याबद्दल त्याला न्यायाने जबाबदार धरता येणार नाही अशा परिस्थितीमुळे हे घडले, असे त्याने पटवून दिल्यास गोष्ट वेगळी. हिशेबाच्या वह्या न ठेवणे, आपण बुडालो हे ठाऊक असूनही व्यापार चालू ठेवणे, साहसी सट्टा, जुगार, न शोभणारा खर्च हीही मुक्ततेच्या आड येणारी कारणे आहेत. म्हणजे ‘निघाले की काढले’ हा गावचा प्रश्नच न्यायाधीशाने या कलमात विचारलेला असतो, आणि ऋणकोला त्याचे उत्तर द्यावे लागते. पाऊस पडला नाही, गिऱ्हाइकांची उधारी थकली, भाव पडला, लग्नात खर्च झाला, अशी उत्तरे येथे यावयाची. सावकारांचे म्हणणे त्याच्या विरुद्ध असते. लग्नखर्च ‘न शोभणारा’ केव्हा ठरतो, यावर दोन्ही बाजूंनी जे बोलले जाते, त्यातून त्या समाजाची शोभेची कल्पना जितकी स्पष्ट होते तितकी क्वचितच दुसरीकडे होईल. जबानी मराठीत आणि नोंद उर्दूत अथवा इंग्रजीत असल्यास ‘निघणे’चे भाषांतर कसे झाले, हे पाहणे भाषेच्या विद्यार्थ्याचे विशेष काम होय. अकर्मक क्रियापदाचे सकर्मक झाले, तर भाषांतरकाराने नकळत निकाल दिलेला असतो.

एवढे करूनही चौसाळ्यासारख्या गावाच्या थोड्याच मिसली हाती येतील, आणि त्यावरून येथे कर्जाने फारसे कोणी बुडाले नाही असा निष्कर्ष कोणी काढू नये. नादारीचा कायदा प्रायः व्यापाऱ्याच्या उपयोगाचा. जमीन गहाण टाकणाऱ्या शेतकऱ्यास त्याचा लाभ थोडा, कारण तारण घेतलेल्या धनकोचा हक्क नादारीने अडत नाही. शिवाय कर्ज हे कर्ज या नावाने लिहिलेलेच नसते. मुदत खरेदीच्या कागदात ते विक्रीचे रूप घेते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे मुकादमाकडून जी रक्कम घेतात तिला ‘उचल’ म्हणतात. ती अंगमेहनतीने फिटते, फिटली नाही तर पुढील हंगामावर चढते, आणि नादारीच्या कोणत्याही यादीत येत नाही. अशा देण्यांचा माग दुय्यम निबंधकाच्या खरेदीखतांत, आणि २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाच्या कलम १८ खाली जिल्हा निबंधकाकडे आलेल्या अर्जांत घ्यावा लागतो. सहकारी संस्थेचे बुडणे तर या न्यायालयात येतच नाही. त्यासाठी १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाखालील अवसायकाचे दप्तर पाहावे. कर्ज कोणत्या नावाने कागदावर आले, यावर किती अवलंबून असते, याचे दारुण उदाहरण शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या चौकशीत दिसते. २००६ च्या शासननिर्णयाने वारसांस एक लाख रुपयांचे साहाय्य ठरविले, त्यासाठी कर्ज बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागे. बिनपरवाना सावकाराकडून घेतलेले कर्ज मृत्यूस कारण झाले तरी कागदावर ‘अपात्र’ हा शेरा पडे.

अलीकडील प्रकरणांसाठी एक सूचना आवश्यक आहे. २०१६ च्या संहितेस मराठीत नादारी व दिवाळखोरी संहिता म्हणतात, हिंदीत ‘दिवाला और शोधन अक्षमता संहिता’. शब्दांचा क्रम पाहता, मराठीतील ‘नादारी’च्या जागी हिंदीत ‘दिवाला’ आहे, आणि मराठीतील ‘दिवाळखोरी’च्या जागी ‘शोधन अक्षमता’. हिंदी पाठ वाचून ‘दिवाला’चे ‘दिवाळखोरी’ करणारा दोन भिन्न अवस्थांची अदलाबदल करतो. या संहितेखाली कंपन्यांची प्रकरणे मुंबईच्या कंपनी विधि न्यायाधिकरणापुढे जातात. व्यक्तींविषयीचा भाग १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला, तो केवळ कंपनीच्या कर्जास वैयक्तिक हमी देणाऱ्यांपुरता. १९०९ व १९२० चे अधिनियम रद्द करणारे कलम २४३ त्या वेळी अमलात आले नाही. म्हणून २०१६ नंतरच्या एखाद्या दुकानदाराचा शोधही जिल्हा न्यायालयातच आरंभावा.

मिसलीतील माणसांचे नातू-पणतू त्याच गावात नांदत असतात. प्रबंधात नावांऐवजी अक्षरे घालावीत. गाव, वर्ष, धंदा आणि रक्कम एवढ्यावर अभ्यासाचे काही अडत नाही.

अखेरचा एक शब्द. मराठीत अर्ज ‘दाखल’ झाला म्हणजे काम सुरू झाले. उर्दू मिसलीच्या शेवटच्या पानावर ‘दाखल दफ्तर’ असा शेरा असतो. तेथे त्याचा अर्थ काम संपले, कागद दप्तरखान्यात ठेवावेत, असा आहे. पुष्कळ वाचक त्यास अर्ज स्वीकारल्याची नोंद समजतात आणि पुढील कागद हरवले म्हणून शोधत बसतात. त्या शेऱ्याखालची फसली तारीख लिहून घ्यावी. दप्तरखान्याच्या नोंदवहीत ती मिसल बहुधा त्याच तारखेच्या आसपास चढविलेली सापडते.